बालाघाटावर काय कुजते, काय उरते

पिकाने जमिनीतून उचललेले अन्न जमिनीला परत कोण देते, या प्रश्नाचे शाळेतले उत्तर सोपे आहे: जिवाणू, बुरशी, गांडुळे, वाळवी. बीड तालुक्यातल्या चौसाळ्याच्या शिवारात तोच प्रश्न विचारला की त्याला फाटे फुटतात. मांजरसुंब्याच्या पुढे सोलापूर–धुळे महामार्गावरचे हे गाव बालाघाटाच्या पठारावर आहे. चढावर मुरमाड, हलकी जमीन, सखल भागात काळी. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही जेमतेम चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमिनीचा वरचा थर कोरडा, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाचा पारा चाळिशीच्या वर. पाठ्यपुस्तकात कुजण्याचे वर्णन असते ते ओलसर जंगलाच्या जमिनीवरचे. पराटी, तुराट्या, सोयाबीनचे भुसकट आणि कडबा यांच्या या मुलखात ती प्रक्रिया वेगळ्या चालीने होते. म्हणूनच तिच्याविषयीचे वाद इथे अधिक तीव्र आहेत.

या लेखात त्या वादांची आजची स्थिती मांडायची आहे. माझा कल लपवत नाही: बालाघाटावर कुजवणाऱ्या जिवांची वाण आहे, असे मला वाटत नाही. वाण आहे ती त्यांच्या खाद्याची आणि ओलाव्याची. पण दुसऱ्या बाजूंकडेही वजनदार मुद्दे आहेत.

कुजणे म्हणजे नेमके काय

वाळलेले पान जमिनीवर पडले की आधी ते फोडणारे येतात. वाळवी, वाणी (काही जण तिला पैसा म्हणतात), गांडुळे, शेणाचे गोळे लोटून पुरणारे भुंगेरे. यांनी केलेल्या भुग्यावर बुरशी आणि जिवाणू तुटून पडतात. ते पानातला कर्ब जाळून ऊर्जा मिळवतात. नत्र, स्फुरद, गंधक यांतले स्वतःच्या शरीराला लागेल तेवढे ठेवून घेतात आणि जास्तीचे मातीतल्या पाण्यात सोडतात. पिकाला मिळते ते हे जास्तीचे. म्हणजे कुजवणारे जीव पिकासाठी राबत नाहीत. त्यांचे पोट भरून उरले तरच पिकाच्या वाट्याला येते.

किती उरणार हे कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणावर ठरते. जिवाणूंच्या शरीरात एक भाग नत्रामागे साधारण आठ भाग कर्ब असतो, आणि जगण्यासाठी ते आणखी सोळा भाग जाळतात. त्यामुळे खाद्यात हे प्रमाण २४ ला १ च्या आसपास असेल तर त्यांचा हिशेब जुळतो. शेण, तुरीचा पालापाचोळा, मुगाचे वेल या मर्यादेच्या जवळ बसतात. ज्वारीची धसकटे आणि पराटी तिच्या कितीतरी वर आहेत आणि उसाचे पाचट शंभरच्या पुढे. असे खाद्य मिळाले की जिवाणू कमी पडणारा नत्र मातीतूनच ओढतात आणि उभे पीक काही आठवडे पिवळे पडते. काडीकचऱ्याचे अर्धवट कुजलेले खत टाकल्यावर पीक ‘धरत नाही’ हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव याच गणितातून येतो. तूर गेलेल्या रानात पुढचे पीक चांगले येते, त्यामागेही तिच्या गळालेल्या पानांचा वाटा आहे.

एवढ्या भागावर फारसा वाद उरलेला नाही. १९२० च्या दशकात सेल्मन वॅक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी पक्की केली आणि ती टिकून आहे.

मागचा इतिहास

त्याआधीचे शतक मात्र भांडणाचे होते. झाड काळ्या कुजक्या द्रव्यावर, म्हणजे ह्यूमसवर, जगते असे युरोपात मानले जाई. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० मध्ये ते खोडून काढले: झाडाला लागतात ती खनिजे, ती कुठूनही आली तरी चालतात. रासायनिक खतांचा पाया या विचारात आहे. दुसरीकडे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये गांडुळांवर पुस्तक लिहून मातीच्या जडणघडणीत या जिवाचा वाटा किती मोठा आहे ते मोजून दाखवले.

मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा टप्पा इंदूरचा. होळकरांच्या त्या संस्थानात १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ते ठरावीक दिवसांनी पालटून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिच्यावर पुस्तक निघाले. त्यातला एक तपशील चौसाळ्याच्या कापूस उत्पादकाला आजही उपयोगी आहे. पराटी टणक असते, सहज कुजत नाही. म्हणून इंदूरला ती रस्त्यांवर पसरून ठेवत. गाड्यांच्या चाकांखाली आणि पायांखाली ती चिरडली गेली की मग गोठ्यात अंथरत आणि पुढे खड्ड्यात टाकत. यंत्राशिवाय केलेले हे कुट्टीकरणच होते.

पुढे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी हवेशीर भोकांच्या विटांच्या टाक्यात खत करण्याची रीत रूढ केली. त्यांच्या नावातून ‘नाडेप’ हा शब्द आला. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवणे हे तिचे बळ. जिथे जनावरे घटली आहेत तिथे या गोष्टीला मोल आहे, तरीही टाके बांधून रिकामे पडल्याची उदाहरणे गावोगाव दिसतात. थर देणे, शेणकाला शिंपडणे, वरून लिंपून ओल टिकवणे यासाठी माणूस आणि पाणी लागते, आणि उन्हाळ्यात दोन्ही नसतात.

कोरड्या रानाचे वेगळे हिशेब

गेल्या काही दशकांत जगभर सर्वांत रंजक बदल घडला तो कोरडवाहू प्रदेशांच्या अभ्यासात, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. तीन गोष्टी सांगतो.

पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवले की वाळून खडखडीत झालेली माती पहिल्यांदा भिजली की कुजण्याचा एकदम भडका उडतो. कोरडेपणात मेलेल्या जिवाणूंचे अवशेष आणि मातीच्या ढेकळांत अडकलेले कर्बयुक्त पदार्थ मोकळे होतात, उरलेले जिवाणू त्यावर वाढतात आणि काही दिवसांत मातीतला नायट्रेट नत्र झपाट्याने वर जातो. मराठवाड्यात हा क्षण मृगाच्या पावसाचा. अडचण अशी की त्या वेळी शेतात मुळे नसतात. पेरणी व्हायची असते किंवा नुकती झालेली असते. पुढचा जोराचा पाऊस आला तर हा नत्र मुरमातून खाली झिरपतो किंवा वाहून जातो. काळ्या जमिनीत पाणी तुंबले तर त्यातला काही वायू होऊन उडतो. म्हणजे वर्षभरातले सर्वांत मोठे फुकटचे खत, ते घ्यायला कोणी नसताना सुटते. धूळपेरणीच्या जुन्या सवयीकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तीत जोखीम मोठी आहे, पण मुळे वेळेवर जागेवर असतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. २००६ मध्ये एमी ऑस्टिन आणि लुसिया विवांको यांनी पॅटागोनियातल्या प्रयोगांवरून दाखवले की कोरड्या प्रदेशात नुसते ऊनही पालापाचोळ्याचा कर्ब तोडते, जिवाणूंच्या मदतीशिवाय. तो कर्ब मातीत न जाता थेट हवेत जातो. फेब्रुवारी ते मे उघड्यावर पडून राहिलेले धसकट जूनमध्ये हलके, ठिसूळ झालेले असते. त्यातले किती मातीला मिळाले आणि किती उन्हाने नेले, हा प्रश्न इथे खरा आहे. त्यावर दोन मते आहेत. एक म्हणते, काडीकचरा झाकून किंवा मातीत मिसळून ठेवावा. दुसरे म्हणते, उन्हाने ठिसूळ झालेले लिग्निन पुढे जिवाणूंना सोपे जाते, त्यामुळे नुकसान दिसते तेवढे नसते.

तिसरी गोष्ट वाळवीची. आपल्याकडची वारुळे करणारी वाळवी वारुळात बुरशीची बाग जोपासते. लाकूड-काडी आणते, ती बुरशीकडून कुजवून घेते आणि मग खाते. वारुळातला ओलावा स्वतः राखते, त्यामुळे बाहेर सगळे थांबलेले असताना तिचे काम चालू राहते. २०१५-१६ च्या एल निन्योच्या दुष्काळात बोर्निओच्या जंगलात केलेल्या अभ्यासात, वाळवी असलेल्या जागी पालापाचोळा अधिक कुजला आणि मातीत ओलही अधिक राहिली. २०२२ मध्ये एमी झॅन आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी मांडले की तापमान १० अंशांनी वाढले तर वाळवीचे लाकूड फस्त करण्याचे प्रमाण जवळजवळ सात पटीने वाढते. जिवाणू-बुरशीच्या बाबतीत ही वाढ दुपटीपेक्षाही कमी आहे. उष्ण, कोरड्या पट्ट्यात तीच मुख्य कुजवणारी असेल असा याचा अर्थ. शेतकऱ्याच्या मनात मात्र तिची जागा कीड म्हणून आहे, आणि तीही विनाकारण नाही: घराची चौकट, ऊस, तुरीची झाडे ती पोखरते. शिवाय तिने नेलेला कर्ब आणि अन्नद्रव्ये वारुळापाशी गोळा होतात, शेतभर पसरत नाहीत. वारुळाची माती शेतात पसरण्याची चाल काही भागांत आहे ती यासाठीच.

कुजवणारा आणि कीड यांतली रेघ किती पातळ आहे हे मराठवाड्याने अलीकडे अनुभवले. वाणी एरवी सडका पालापाचोळा खाते, पण पावसाने उघडीप दिली आणि रानात दुसरे काही नसले की सोयाबीन-कापसाचे कोवळे कोंब कुरतडते. शंखी गोगलगायीनेही २०२२ च्या खरिपात बीड, लातूर, उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात सोयाबीनचे मोठे नुकसान केले. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी शेतात येते, हाही असाच धोका. ‘जेवढा काडीकचरा तेवढे चांगले’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी या तीन जिवांना उत्तर द्यायला हवे.

ह्यूमस: जुना शब्द, नवा संशय

कुजल्यानंतर जे काळे, टिकाऊ द्रव्य उरते ते ह्यूमस, असे शंभर वर्षे शिकवले गेले. २०१५ मध्ये योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की असे वेगळे, मोठ्या रेणूंचे द्रव्य मातीत दाखवताच येत नाही, प्रयोगशाळेत तीव्र अल्कलीने माती धुतल्यावर ते तयार झाल्यासारखे दिसते. त्यांच्या मते मातीत असतो तो कुजण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरचा लहान-मोठा कर्ब, आणि त्यातला जो चिकणमातीच्या कणांना चिकटतो किंवा ढेकळांच्या पोटात सुरक्षित राहतो तो टिकतो. मृत जिवाणू-बुरशीची कलेवरे हा त्यातला मोठा वाटा आहे, काही अभ्यासांत निम्म्याच्या आसपास. जुन्या मताचे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. अल्कलीने काढलेले द्रव्य अगदीच कृत्रिम नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि हा वाद मिटलेला नाही.

शेतकऱ्याला याचे काय? ‘ह्युमिक’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचा सैद्धांतिक आधार यातून डळमळतो, ही एक गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची. कर्ब टिकवणे चिकणमातीवर अवलंबून असेल, तर चौसाळ्याच्या काळ्या रानाला आणि मुरमाड माळाला एकच शिफारस लागू पडणार नाही. काळ्या जमिनीत कर्ब बांधून ठेवणारी चिकणमाती भरपूर आहे. मुरमात घातलेला कर्ब लवकर जळून जातो, तिथे दरवर्षी थोडे थोडे घालत राहणे हाच मार्ग दिसतो. सेंद्रिय कर्ब अमुक टक्क्यांवर न्या, असे एकच लक्ष्य सगळ्यांना देणे मला म्हणूनच पटत नाही.

बाटली, ड्रम आणि मूठभर माती

सर्वांत गाजणारा वाद हा आहे. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने २०१५ मध्ये ‘वेस्ट डीकंपोझर’ आणले. वीस रुपयांची बाटली, दोनशे लिटर पाणी, दोन किलो गूळ, आणि त्यातूनच पुढचा ड्रम विरजून घ्यायचा. भाताच्या पेंढ्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बुरशींवर आधारित ‘पुसा डीकंपोझर’ तयार केले. आणि या दोन्हींच्या आधीपासून विदर्भातल्या सुभाष पाळेकरांचे जीवामृत महाराष्ट्रभर पोचलेले आहे: दोनशे लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती.

पाळेकरांची मांडणी अशी की जमिनीत अन्नद्रव्यांचा साठा अपार आहे, तो पिकाला उपलब्ध करून देणारे जीव रासायनिक शेतीने मारले. जीवामृत हे खत नसून विरजण आहे, आणि त्याला आच्छादनाची जोड हवीच. शेतकऱ्यांचा अनुभव तिच्या बाजूने बोलतो. खर्च उतरतो, माती भुसभुशीत होते, गांडुळे दिसू लागतात. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाळेकरांच्या या झिरो बजेट शेतीचा उल्लेख आला तेव्हा राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने जाहीर हरकत घेतली: पुरेशा पडताळणीशिवाय हे देशभर नेऊ नये, उत्पादन घटेल. २०२० मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त जो स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मधले उत्तर दिले. जे शेतकरी मुळातच खत कमी घालतात त्यांना फायदा होऊ शकतो. जे भरपूर घालतात त्यांचे उत्पादन घटण्याची शक्यता आहे, कारण नत्र पुरा पडणार नाही.

मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रातला मुख्य आक्षेप वेगळाच आहे. बाहेरून घातलेले जिवाणू उघड्या शेतात स्थानिक जिवांच्या स्पर्धेत फार काळ टिकत नाहीत. खताच्या खड्ड्यात, जिथे ओल, हवा आणि नत्र हातात असतात, तिथे संवर्धकाने वेळ वाचू शकतो. रानात मे महिन्यात ड्रम ओतून मात्र पराटी कुजत नाही. याला उत्तर म्हणून जीवामृताचे समर्थक सांगतात की ते दर पंधरवड्याला देतात, त्यामुळे टिकण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय गूळ-बेसनाने स्थानिक जिवांनाच चालना मिळते. हे शक्य आहे. पण तसे असेल तर श्रेय शेणातल्या विशिष्ट जिवाणूंना न जाता खाद्याला जाते, आणि मग वाद बराचसा विरतो.

गांडुळांच्या बाबतीत अशीच एक गल्लत सुधारली गेली आहे. गांडूळखतासाठी वापरले जाणारे आयसेनिया फेटिडा हे परदेशी, वरच्या थरात राहणारे आणि शेणावर जगणारे गांडूळ आहे. ते खड्ड्यात उत्तम काम करते, पण शेतात सोडले तर तग धरत नाही. जमिनीत बिळे करणारी देशी गांडुळे विकत आणायची नसतात. ओल, सावली आणि खाद्य मिळाले की ती आपोआप वर येतात. शेणकिड्यांकडे तर कोणाचे लक्षच नाही. जनावरांना जंतासाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि त्यांच्या अळ्यांना मारते, हे सिद्ध आहे.

नांगरायचे की मुळे ठेवायची

कोल्हापूरचे कृषी पदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर अनेक वर्षे सांगत आहेत की पिकाची मुळे आणि बुडखे जागेवर कुजू द्यावीत. सहज न कुजणाऱ्या या भागातून बुरशी वाढते आणि टिकाऊ खत मिळते. नांगरटीने ते फुकट जाळले जाते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी कायम गादीवाफे, शून्य मशागत आणि मुळे जागेवर ठेवण्याची ‘सगुणा’ पद्धत भातातून इतर पिकांत नेली. नांगरटीने ढेकळांत सुरक्षित असलेला कर्ब उघडा पडतो, याला विज्ञानाचा आधार आहे.

विरोधी मतही बिनबुडाचे नाही. दोन्ही पद्धतींत तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, आणि ग्लायफोसेटचा मातीतल्या जिवांवर परिणाम किती यावर निष्कर्ष एकसारखे नाहीत. कपाशीत प्रश्न आणखी बिकट. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीच्या उद्रेकानंतर हंगाम संपताच पराटी उपटून नष्ट करण्याचा सल्ला कृषी खाते देते, कारण किडक्या बोंडांत अळी राहते. कुजवणुकीचे शास्त्र म्हणते पराटी ठेवा, कीडशास्त्र म्हणते काढा. कुट्टी करून लगेच मातीत मिसळणे हा तडजोडीचा मार्ग आहे. त्यासाठी ट्रॅक्टरचे यंत्र लागते आणि जमिनीत ओलही लागते. डिसेंबर-जानेवारीत कोरडवाहू रानात ती नसते, म्हणून बहुतेक पराटी चुलीत जाते किंवा बांधावर पेटते.

शिवाराबाहेर जाणारे

कुजवणारे जीव अन्नद्रव्ये फिरवतात, निर्माण करत नाहीत. हवेतला नत्र बांधणारे जिवाणू हा एक अपवाद. स्फुरदाला असा हवेतला साठा नाही. दहा क्विंटल सोयाबीन आडतीवर गेले की त्यातून सुमारे ६० किलो नत्र, ६ किलो स्फुरद आणि १८ किलो पालाश शिवाराबाहेर जाते. नत्राचा मोठा भाग मुळांवरच्या गाठींनी हवेतून आणलेला असतो. पालाशचा साठा बेसाल्टच्या जमिनीत बराच आहे. स्फुरद मात्र चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियमशी बांधला जातो. तो विरघळवणारे जिवाणू आहेत, वाद आहे तो वेगाचा: पिकाला लागतो तेवढा, लागतो तेव्हा ते देऊ शकतात का? १९७० पासून चालू असलेल्या अखिल भारतीय दीर्घकालीन खत प्रयोगांत परभणी आणि अकोला ही केंद्रे आहेत. काळ्या जमिनीवरच्या या प्रयोगांचा कौल सातत्याने एकाच बाजूला राहिला आहे: शिफारशीचे खत अधिक शेणखत, या जोडीने उत्पादन आणि कर्ब दोन्ही सांभाळले.

पण शेणखत आणायचे कुठून? बीड जिल्ह्याचे उत्तर त्याच्या स्थलांतरात दडले आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बैलांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने त्या बैलांचे शेण तिकडच्या फडांत पडते. तोडलेल्या उसाचे पाचट तिकडेही बहुधा पेटवले जाते, त्यातला नत्र आणि गंधक धुरात जातो, आणि युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारे जिवाणू घालून ते जागेवर कुजवण्याची विद्यापीठांची शिफारस कागदावर राहते. गावात उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या होतात. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या तेव्हा शेतोशेतीचे शेण एकेका जागी साचले. बाहेरून आलेल्या चाऱ्यातली अन्नद्रव्ये त्यात होती, ती परत शेतांत वाटण्याची व्यवस्था छावणीच्या नियोजनात असायला हवी होती. पोषकांच्या चक्राची चर्चा या माणसा-जनावरांच्या वाटांशिवाय करणे मला अपुरे वाटते. बाटलीवरच्या वादात जेवढी शाई जाते त्याच्या काही अंशानेही ती इकडे वळत नाही.

अनिर्णित काय

तीन प्रश्न खुले आहेत. बालाघाटाच्या उघड्या रानात वाळवी, जिवाणू आणि ऊन यांचा कुजण्यातला वाटा किती किती? मृगाच्या पावसानंतर सुटणारा नत्र पकडण्यासाठी पेरणी, आंतरपीक किंवा बांधावरच्या गिरिपुष्पाच्या पाल्याची वेळ कशी बसवावी? आणि जीवामृतासारख्या विरजणाचा परिणाम त्यातल्या जिवांचा की गूळ-शेणाच्या खाद्याचा? शेवटचा प्रश्न सोडवणे तर सोपे आहे. एका पट्ट्यात ताजे जीवामृत, शेजारी तेच निर्जंतुक केलेले, आणि तिसऱ्यात नुसते पाणी.

२०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे असतात. त्यांत सेंद्रिय कर्ब आहे, पण माती जिवंतपणे किती काम करते हे सांगणारा एकही नाही. बंद बरणीत ओली माती आणि अल्कलीची वाटी ठेवून मातीचा श्वास मोजण्याची रीत जुनी आणि स्वस्त आहे, कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ती सहज होते. मुरमाड माळाचा एक नमुना आणि काळ्या रानाचा एक, मेच्या अखेरीस आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर आठवड्याने, सोबत नायट्रेटची चाचणी, असे चार-पाच वर्षे केले तर पहिल्या दोन प्रश्नांवर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला बालाघाटापुरती स्वतंत्र शिफारस लिहिता येईल.